हेल्पलाईन झाली, काउन्सेलर झाले, आता कुठे जायचं?

रातराणी:
लहानपणी घरातल्याच माणसाने अत्याचार केला. तोंड उघडायला वीस वर्षं लागली. हेल्पलाईनवर विचारलं आत्ता धोका आहे का, मी नाही म्हटलं तर दुसरा नंबर देऊन फोन ठेवला. मग एका संस्थेत गेले, तिथे तीन वेळा मॅडम बदलल्या आणि दरवेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं, शेवटच्या म्हणाल्या सहा सेशन झाली, आता माफ करून टाक. दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. परत कुणासमोर बसायची हिंमत नाही, पण असं राहवतही नाही. कुणाला खरंच उपयोग झालेलं काही आहे का?

पाऊलवाट:
माफ कर म्हणणारीने तुझ्यावर अन्यायच केला गं. ज्यांच्याकडे आधारासाठी जातो तेच असं वागले की त्रास वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड आणि त्यांच्या सहकारी स्मिथ यांच्या 2013 च्या अभ्यासात आलंय. वाचलं तेव्हा मी रडले होते, कारण तोवर वाटायचं मीच नाजूक आहे.
मला सर्व्हायव्हर्सच्या, म्हणजे अत्याचारातून गेलेल्यांच्या, छोट्या ग्रुपचा आधार झाला. तिथे गप्प बसलं तरी चालायचं, पहिले दोन महिने मी फक्त ऐकलं. पण जिथे सांगायची जबरदस्ती होते किंवा ग्रुप चालवणारा एकट्यात मेसेज करायला लागतो तिथून सरळ बाहेर पड.

जुना_समुपदेशक:
वर्षानुवर्षं झालेल्या अत्याचारासाठी सहा सेशन कमीच. आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, कॉम्प्लेक्स पीटीएसडी (दीर्घकाळच्या आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) हे वेगळं निदान आहे, 2022 पासून ते लागू झालं. बरेच अनुभवी थेरपिस्ट आधी झोप, भीती, सुरक्षितता यावर काम करतात, आठवणींना नंतर हात घालतात, तेही तुम्ही तयार असाल तर. त्यामुळे पहिल्याच भेटीत सगळं सांगायची गरज नाही. उलट तुम्हीच विचारा, ट्रॉमाचं ट्रेनिंग कुठलं घेतलंय, मी थांबा म्हटलं तर थांबाल का, कुठली गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही. या प्रश्नांवर कुणी चिडलं तर तिथे परत जाऊ नका.

उंबरठा:
अर्ध्या पानावर लिहून ठेव, काय झालं ते थोडक्यात आणि कशाबद्दल विचारायचं नाही तेही. मी तोच कागद पुढे करते. सोबत मैत्रीण असते, ती बाहेर बसते.

रातराणी:
कागदाचं कधी सुचलंच नव्हतं. आज रात्री दोन ओळी तरी लिहून बघते.