मदत हवी आहे : त्वचेच्या पेशींचा वास मोजतेय, पण नुसत्या माध्यमातही (पेशी वाढवायच्या पोषक द्रवातही) तेच पीक (आलेखातले उंचवटे)

नमस्कार मंडळी. मानवी केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थरातल्या) पेशी वाढवून त्यांच्यातून सुटणारी बाष्पशील, म्हणजे सहज हवेत उडणारी, संयुगं मोजतेय. माध्यमाच्या वरच्या हवेत एसपीएमई फायबर (संयुगं शोषून घेणारा लेपित धागा) धरायचा, मग जीसी-एमएस (संयुगं वेगळी करून ओळखणारं यंत्र). अडचण अशी की नॉनॅनॅल आणि डेकॅनॅल ही दोन अल्डिहाइड संयुगं पेशी नसलेल्या माध्यमातही ठसठशीत दिसतात. मग पेशींचं किती, प्लास्टिकचं आणि माध्यमात घातलेल्या सीरमचं (रक्तातल्या द्रवाचं) किती?

त्यात हे दोन्ही अल्डिहाइड माणसाच्या त्वचेवरूनही येतात. हवेतला ओझोन लागला की तिथली स्निग्ध द्रव्यं तुटतात. स्क्वालीन या त्वचेवरच्या तेलकट द्रव्यापासून ६-मिथिल-५-हेप्टेन-२-ओन असंच बनतं. स्क्वालीन मुख्यतः तैलग्रंथींचं, त्यामुळे केराटिनोसाइटच्या नमुन्यात या ओनचा पीक मोठा दिसला, तर मला आधी नमुना हाताळणाऱ्या हातांचाच संशय येतो.

हे नीट व्हावं अशी फार इच्छा आहे. २०१३ मध्ये मोनेल केंद्रातल्या (अमेरिकेतली वास-चवीवर संशोधन करणारी संस्था) संशोधकांनी मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) पेशींतून डायमिथिल डायसल्फाइड हे गंधकयुक्त संयुग मिळाल्याचं दाखवलं, निरोगी मेलानोसाइटमध्ये (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत) ते सापडलं नव्हतं. असा फरक पकडायचा तर तुलनेचा रिकामा (पेशी नसलेला) नमुना भरवशाचा हवाच.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारते: काचेच्या बाटलीत कोलॅजनचा थर देऊन पेशी नीट धरतात का? मोजणीआधी सीरम काढलं तर पेशींवर ताण येऊन वासच बदलेल का? आणि आकडे पेशींच्या संख्येने भागावेत की डीएनएच्या प्रमाणाने? माझा कल डीएनएकडे आहे, कारण चिकटलेल्या पेशी सोडवताना काही हमखास वाया जातात.