गेम कंपनीची शेवटची फेरी: गणिताची तयारी कशी करू?

मंडळी, मदत हवी आहे. अंधेरीतल्या एका मोबाइल गेम कंपनीत प्रोग्रामरच्या जागेसाठी गुरुवारी शेवटची फेरी आहे. अर्धा दिवस, समोर चार-पाच जण आणि फळ्यावर कोड.

आधी मी रमीच्या ॲपवर युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) काम करत होते. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला आणि आमची टीमच बंद झाली. पत्त्यांच्या खेळात शत्रू मागून येत नाही, त्यामुळे थ्रीडी गणिताशी गाठ कॉलेजनंतर पडलीच नव्हती.

मागच्या फेरीत विचारलं, शत्रू खेळाडूच्या समोर आहे की पाठीमागे, कसं ओळखाल? खेळाडूची दिशा आणि शत्रूकडची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा गुणाकार) घ्यायचा, धन आला तर समोर, म्हटलं. लगेच, डावीकडे की उजवीकडे? मग, 60 अंशांच्या शंकूत दिसतो का? श्वास घेऊ देत नाहीत हो! पुढचा प्रश्न त्यामानाने ओळखीचा निघाला: 60 एफपीएस (सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं) हवं तर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात, मग स्वस्त फोनवर गोळीबार सुरू झाला की गेम का अडखळतो? गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी साफ करणारी यंत्रणा), ऑब्जेक्ट पूलिंग (त्याच गोळ्या पुन्हा पुन्हा वापरणं) यावर निभावलं.

क्वाटर्नियन (थ्रीडीतलं फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत) किती खोलात करू? सिद्धता विचारतात का? आणि घरी करायला दिलेला छोटा गेम उघडून 'हे असं का लिहिलंत?' विचारणार आहेत म्हणे, त्यात नक्की काय बघतात? डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत लोकलमध्ये पुस्तक उघडता येत नाही, तेव्हा व्हिडिओ सुचवलेत तरी चालेल.

प्रतिसाद:
सिद्धता मला तरी कुणी विचारली नाही. ऑयलर कोन (तीन अक्षांभोवतीचे तीन वेगळे कोन) का नकोत, हे मात्र विचारतात. मधल्या अक्षाभोवती 90 अंश फिरलं की उरलेले दोन अक्ष एका रेषेत येतात, तोच गिंबल लॉक. पेन हातात धरून दाखवा, पटकन पोचतं. शंकूत मेख आहे: 60 अंशांचा शंकू म्हणजे मध्यरेषेपासून 30, म्हणून दोन्ही व्हेक्टर नॉर्मलाइज करून (लांबी 1 करून) डॉट 0.866 च्या, म्हणजे 30 च्या कोसाइनच्या, वर आहे का बघायचं. घाईत लोक 60 चा कोसाइन, 0.5 लिहितात. डावं-उजवं खेळाडूच्या उजव्या दिशेशी डॉट करून कळतं.

छोट्या गेममध्ये ग्राफिक्स कुणी बघत नाही. नवा शत्रू घालायला किती फाइली बदलाव्या लागतात, ते बघतात. शेवटी तुम्हीही विचारा, रिलीजच्या आधी शनिवार-रविवार यावं लागतं का? उत्तर देण्याआधी ते एकमेकांकडे बघतात का, तेवढं टिपा.