पुतण्याला आयटीआय की अकरावी सायन्स? घरात दोन तट पडलेत

माणदेशी काका
पुतण्या यंदा दहावी झाला, ७१ टक्के. त्याला आयटीआयला फिटर करायचंय. थोरल्या भावाचा हट्ट अकरावी सायन्सचा, तोही क्लासवाल्यांशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात. दोन वर्षांचे पावणेदोन लाख, मग सीईटी, मग इंजिनिअरिंगची चार वर्षं. दोन म्हशी विकायच्या, उरलेलं पतसंस्थेचं कर्ज.

माझं मत सरळ आहे, पोराला आयटीआयला जाऊ द्या. मी बीए. त्यानंतर पुण्यात पाच वर्षं स्पर्धा परीक्षा. एकदा पूर्व निघाली, मुख्य राहिली. तिशीत गावी परत आलो तेव्हा हाताला एक काम येत नव्हतं. आई दुधाच्या पैशातून महिन्याच्या महिन्याला मेसचे पैसे पाठवायची, ते अजून डोक्यातून जात नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात काळे गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ‘कमवा आणि शिका’ त्यांनीच रुजवलं. मग आयटीआयचं नाव काढलं की घरात सुतक का पडतं?

कृष्णाकाठची
काका, पैशांचं पटलं. शिक्षण म्हणजे पोटाची सोय, हे नाही पटलं. माझी आई दुसरी पास. आजोबा गेल्यावर मामांनी तिला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेलं, वारसाची नोंद करायची म्हणून. तिने सही केली. दोन महिन्यांनी कळलं, ते हक्कसोडपत्र होतं. २००५च्या कायदेदुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, आणि आईचा तो एका सहीत गेला.

मी इतिहासात एमए केलं आणि पतसंस्थेत कारकून आहे. काय उपयोग त्या एमएचा, असं लोक तोंडावर विचारतात. गेल्या वर्षी दिरांनी जामीन राहायचा कागद पुढे केला तेव्हा मला म्हणता आलं, “घरी नेते, वाचते, उद्या सांगते.” हा उपयोग.

माणदेशी काका
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण कागद वाचायला एमए कशाला? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेतच मोडी आणि बालबोध, हिशेब, शेतीची ओळख, आरोग्याचे धडे मागितले होते. दहावी झालेल्या पोराला सातबारा वाचता येत नसेल तर ती शाळेची चूक. ती भरून काढायला आणखी सहा वर्षं घालायची का?

कृष्णाकाठची
अक्षरं आईलाही येत होती, काका. ऑफिसात चार पुरुष भोवती उभे असताना ‘थांबा’ म्हणायला छाती लागते. माझी ती कॉलेजात तयार झाली, भर वर्गात उभं राहून सरांशी वाद घालता घालता.

टर्नर ९८
मी आयटीआयचा, १९९८ची बॅच. आधी तिथे काय शिकवतात ते सांगतो. सुरुवातीला नुसती कानस. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, घासायची, ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून उजेडाकडे धरायची. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत घासायची. आमचे सर एक शब्द बोलायचे नाहीत. पट्टी उजेडाकडे धरायचे आणि परत हातात द्यायचे. माझी पहिली पट्टी अकरा वेळा परत आली. आपली चूक आपणच शोधायची हे मी तिथे शिकलो. ताई, हेही शिक्षणच.

पण काका, पुढचंही ऐका. अप्रेंटिस झालो, मग तीन वर्षं ठेकेदाराकडे, मग कायम. आज सुपरवायझर आहे आणि इथेच राहणार, कारण डिप्लोमा नाही. मी हाताखाली शिकवलेली तीन डिग्रीवाली पोरं माझ्या वर गेली. ड्रॉइंगमधली चूक मी दाखवतो, सही त्यांची असते. म्हणून पोराला पाठवा, पण तिथेच सोडू नका. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन, दोन आणि तीन, सात वर्षं. तुमच्या भावाच्या रस्त्याने सहा. एक वर्ष जास्त, पण हातात कसब.

तंत्रनिकेतन मास्तर
हिशेब बरोबर आहे, वर्गात तसं घडत नाही. आयटीआयहून दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतात आणि गणितात रुततात, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांचं झालेलंच नसतं. शिवाय पगार सुरू झालेला मुलगा परत बाकावर बसत नाही, घरचेही बसू देत नाहीत. माझ्या मते दहावीनंतर सरळ डिप्लोमा, तीन वर्षं. सरकारी तंत्रनिकेतनाची फी त्या क्लासच्या आसपासही नसते.

टर्नर ९८
सर, गणितात रुततात म्हणून तो रस्ताच नको? सुटीत दोन महिने त्यांना वेगळं शिकवा. २००१ साली मी डिप्लोमाचा फॉर्म आणला होता. गणिताच्या भीतीने भरला नाही. तो अजून कपाटात आहे.

तंत्रनिकेतन मास्तर
बरोबर बोललात. आमच्याकडे असा वर्ग नाही. या सुटीत मी घेऊन बघतो.

कृष्णाकाठची
काका, घरात शिकणारं आणखी कोणी आहे का?

माणदेशी काका
पुतणी आहे, नववीत. याच्यापेक्षा हुशार. तिचं अजून काही ठरवलं नाही.

कृष्णाकाठची
ठरवलं नाही, हेच मला खुपतं. म्हशी विकायचा विचार त्याच्यासाठी झाला, तिच्यासाठी विषयसुद्धा निघाला नाही. राज्यात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. वहिनींना हे वाचून दाखवा.

माणदेशी काका
दाखवलं. वहिनी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “तिला गणित आवडतं, कोणी विचारलंच नाही.” क्लासची अनामत भावाने तूर्त थांबवलीय. पोराचे आयटीआय आणि डिप्लोमा दोन्हीकडचे फॉर्म भरतोय. मला अजून आयटीआयच बरं वाटतं, भावाला डिप्लोमा. टर्नरदादा, दोन्ही पोरांना एकदा मशीन चालताना दाखवाल का?

टर्नर ९८
कंपनीत बाहेरच्यांना सोडत नाहीत. शिरवळला मित्राचं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, लोखंड फिरवून कापायचे दोन लेथ आणि एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. शनिवारी सकाळी आठला या. दोघांना बूट घालून आणा, चपलेवर आत घेत नाही. मुलीला सांगा, ओढणी घरी ठेव आणि वेणी आवळून बांध. लेथवर मी तिलाही उभं करणार आहे.