स्वेतलाना म्हणजे आपली श्वेताच का?

शेवंती

माझी भाची बेलग्रेडला असते. जावई सर्बियन. गेल्या महिन्यात मुलगी झाली आणि नाव ठरलं स्वेतलाना, जावयाच्या आजीचं. इकडे आमच्या आत्याबाईंनी फोनवरच निकाल दिला : "म्हणजे श्वेताच की गं! मग सरळ श्वेता ठेवा ना, जिभेला कशाला व्यायाम?" मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. तर जाणकारांना तीन प्रश्न. हे नाव खरंच श्वेतावरून आलं आहे का? 'लाना' म्हणजे काय? आणि मराठीत कसं लिहायचं, स्वेतलाना, स्वेत्लाना की श्वेतलाना? बारसं पुढच्या महिन्यात इकडेच आहे, म्हणून घाई.

पाटीपेन्सिल

आत्याबाई अर्ध्या बरोबर आहेत. श्वेतावरून आलेलं नाही, पण दोघींचं मूळ घराणं एक. स्लाव भाषांत (रशियन, पोलिश, सर्बियन वगैरे) 'स्वेत' म्हणजे प्रकाश, उजेड. आपलं 'श्वेत' आणि त्यांचं 'स्वेत' एकाच आद्य धातूपासून निघाले. आपल्याकडे रंग झाला, तिकडे उजेड झाला.

आपला तालव्य 'श' तिकडे बहुतेक ठिकाणी साधा 'स' होऊन भेटतो. शत म्हणजे शंभर, रशियनमध्ये 'स्तो'. दश म्हणजे 'देस्यात'. श्रवस् म्हणजे कीर्ती, तिकडे 'स्लावा'. महाभारतातला भूरिश्रवा आठवा, ज्याची कीर्ती भरपूर तो. पोलंडच्या राजांचं बोलेस्लाव हे नाव अगदी त्याच घाटाचं, अर्थ 'अधिक कीर्तिमान'. यारोस्लाव, म्स्तिस्लाव, सगळे 'श्रवा'च म्हणायचे.

'लाना'ला मात्र काही अर्थ नाही. तोडायची जागाच चुकते. 'स्वेत्ली' म्हणजे तेजस्वी, उजळ, आणि त्या 'स्वेत्ल'ला 'आना' हा प्रत्यय. स्नेग म्हणजे बर्फ, त्यावरून जशी स्नेझाना, तशी ही स्वेत्ल-आना. अमेरिकेत गेलेल्या स्वेतलाना पुढे नुसत्या 'लाना' होतात, म्हणजे अर्धा शब्द मोडून नाव केलेलं असतं. आपण तरी वेगळं काय करतो म्हणा, प्रज्ञाचं 'पज्जू' करणारे लोक आपण.

जुनाबाजार

पाटीपेन्सिल, व्युत्पत्ती ठीक, पण एक गोष्ट राहिली. हे नाव ऐकायला हजार वर्षं जुनं वाटतं आणि तसं ते मुळीच नाही. धातू प्राचीन, नाव जेमतेम सव्वादोनशे वर्षांचं. कवींनी घडवलेलं आहे.

अलेक्सांद्र वोस्तोकोव या कवी-भाषाशास्त्रज्ञाने १८०२ साली लिहिलेल्या एका वीरकथेत स्वेतलाना पहिल्यांदा दिसते. जुन्या रशियाचा भास होईल असं नाव त्याला हवं होतं, म्हणून त्याने ते रचलं. या माणसाला नावं रचण्याची हौसच असावी. त्याचं स्वतःचं जन्मनाव ओस्तेनेक. जर्मन 'ओस्ट' म्हणजे पूर्व आणि रशियन 'वोस्तोक' म्हणजेही पूर्व, म्हणून त्याने आपलं आडनावच भाषांतरित करून घेतलं!

पण ती कथा फारशी कोणी वाचली नाही. नाव घरोघर पोचवलं वासिली झुकोव्स्कीने. त्याचं 'स्वेतलाना' हे कथाकाव्य १८१३ मध्ये छापलं गेलं. मूळ बेत ब्युर्गर या जर्मन कवीच्या 'लेनोरे'चा : मेलेला प्रियकर रात्री येतो आणि मुलीला घोड्यावर घालून नेतो. झुकोव्स्कीने आधी १८०८ मध्ये तीच कथा 'ल्युदमिला' नावाने सांगितली होती, पण तिचा शेवट भीषण. दुसऱ्या खेपेला त्याने ती रशियन मातीत रुजवली. जानेवारीतला सणाचा दिवस, संध्याकाळची वेळ, मुली आपलं भविष्य पाहायला बसल्या आहेत. पायातली चप्पल काढून फाटकाबाहेर भिरकवायची, तिचं टोक ज्या दिशेला त्या दिशेने नवरा येणार, ही तिकडची रीत. स्वेतलाना मध्यरात्री आरसा आणि मेणबत्ती घेऊन बसते, तिला डोळा लागतो आणि भयानक स्वप्न पडतं. सकाळी जाग येते तर दारात घंटांचा आवाज आणि नवरा मुलगा हजर, जिवंत आणि हसरा.

पुश्किनने 'येव्गेनी ओन्येगिन' या पद्यकादंबरीच्या पाचव्या प्रकरणाच्या माथ्यावर याच काव्यातल्या ओळी घातल्या आहेत. ते प्रकरण नायिका तात्यानाच्या स्वप्नाचं. झुकोव्स्कीने हे काव्य ज्या तरुणीला अर्पण केलं तिला मित्रमंडळीत 'स्वेतलाना' म्हणू लागले. म्हणजे आधी पात्र, मग लाडाचं टोपणनाव आणि खरंखुरं नाव त्याच्याही नंतर. आपल्याकडे बाणभट्टाच्या नायिकेचं नाव एका अख्ख्या साहित्यप्रकाराला मिळालं, कादंबरी. तिकडे पुस्तकातली मुलगी पाळण्यात जाऊन पोचली.

उंबरठा

पाळण्यात पोचली खरी, पण सहज नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं नाव संतांच्या पंचांगातलं लागायचं. ल्युदमिलाची अडचण नव्हती, कारण दहाव्या शतकातली एक संत ल्युदमिला आहे, चेक राजघराण्यातली आजी. (ल्युद म्हणजे लोक, मिला म्हणजे प्रिय. लोकप्रिया म्हणा ना!) स्वेतलाना नावाची संत कुठून आणणार?

त्यावरची तोड मला फार आवडते. चर्च अशा मुलींना 'फोतिना' नाव देई. याकोबाच्या विहिरीपाशी येशूशी बोलणारी शोमरोनी बाई योहानच्या शुभवर्तमानात अनामिक आहे, पण परंपरेने तिला फोतिना हे नाव दिलं. ग्रीक 'फोस', षष्ठीत 'फोतोस', म्हणजे प्रकाश. आपल्या मोबाइलमधला 'फोटो' तोच. आणि त्या फोसचं आपल्याकडचं नातं 'भा' धातूशी : भाति, आभा, प्रभा, भानू. म्हणजे घरात हाक श्वेता आणि देवळाच्या वहीत प्रभा!

या अडथळ्यामुळे एकोणिसाव्या शतकभर हे नाव बायकांपेक्षा जहाजांनाच जास्त शोभलं असावं. रशियन नौदलाची 'स्वेतलाना' नावाची युद्धनौका १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत बुडाली. पीटर्सबर्गच्या दिव्यांच्या कारखान्याचंही हेच नाव. तिथे लोकांनी गंमत केली. 'प्रकाशाचे तापदीप' अशा अर्थाच्या तीन रशियन शब्दांची आद्याक्षरं जोडून 'स्वेत-ला-ना' झालं, असं ठोकून दिलं. आधी नाव, मग फोड. या जातीची व्युत्पत्ती आपल्याकडे पैशाला पासरी मिळते.

१९१७ नंतर नाव ठेवायला धर्मगुरू लागेना. मग सगळं उघडं रान. लेनिन उलटा वाचून 'निनेल', व्लादिमिर लेनिनवरून 'व्लादलेना', ऑक्टोबर क्रांतीवरून 'ओक्त्याब्रिना'. त्या गर्दीत स्वेतलाना भाग्यवान. संताचा वास नाही, स्लाव कानाला गोड आणि अर्थ 'उजळ', म्हणजे नव्या राजवटीलाही चालणारा. स्टालिनने १९२६ मध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव हेच ठेवलं. मग काय, पुढच्या दोन पिढ्यांत वर्गात दोन-तीन स्वेता ठरलेल्या.

गवतीचहा

स्टालिनकन्या आली म्हणून सांगते, तिचा इकडचा धागा मोठा आहे. ब्रजेश सिंह हे तिचे भारतीय जोडीदार मॉस्कोत वारले. त्यांच्या अस्थी घेऊन ती डिसेंबर १९६६ मध्ये आली आणि उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरला गंगेकाठी राहिली. मार्च १९६७ मध्ये दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत शिरली आणि मॉस्कोला न परतता अमेरिकेला गेली. १९८४ मध्ये ती सोव्हिएत संघात परतली, पण दोनच वर्षांत पुन्हा बाहेर पडली. २०११ मध्ये अमेरिकेत वारली तेव्हा नाव होतं लाना पीटर्स. पाटीपेन्सिलनी म्हटलेला अर्धा शब्द तो हाच. तिचं अल्लिलुयेवा हे आडनाव आईचं, आणि त्यात 'हालेलुया' दडलंय. नास्तिक राजवटीच्या पहिल्या घरात!

माझ्या पिढीला मात्र स्वेतलाना म्हटलं की सवित्स्काया. एप्रिल १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा सल्यूत ७ वर गेले, आणि त्याच वर्षी जुलैत त्याच स्थानकाबाहेर पडून अंतराळात चालणारी ती पहिली स्त्री ठरली. आणि टेनिसवाल्यांना कुझ्नेत्सोवा आठवेल. २००५ मध्ये दुबईत सानिया मिर्झाने तिला हरवलं तेव्हा ती यूएस ओपन विजेती होती. आमच्या पेपरात तेव्हा 'श्वेतलाना'च छापून आलं होतं, म्हणजे आत्याबाई एकट्या नाहीत.

आळशी मांजर

मग देविका राणीचे यजमान? स्वेतोस्लाव रोरिक. ते पण श्वेतच ना? म्हणजे श्वेतश्रवा?

पाटीपेन्सिल

मांजरा, आळस सोडून चांगला प्रश्न विचारलास. नाही! इथेच सगळे फसतात. रशियनमध्ये ते 'स्व्यातोस्लाव' आहेत, आणि 'स्व्यात' म्हणजे पवित्र. प्रकाशाचा 'स्वेत' वेगळा, पावित्र्याचा 'स्व्यात' वेगळा, धातूच वेगळे. पवित्रवाल्या शब्दात मुळात नाकातला उच्चार होता, 'स्वेंत' असा. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'स्पेंत' त्याचा भाऊ. पुढे बहुतेक स्लाव भाषांत तो अनुनासिक गळाला आणि प्रत्येकीने आपापली वाट धरली.

हे आपल्याला समजायला सोपं जावं. संस्कृत पञ्च, मग 'पांच', मग 'पाच'. आजोबांच्या पत्रात 'पांच' आणि 'नांव' असायचं, टिंब कागदावर होतं आणि तोंडातून कधीच गेलं होतं. स्लावांतही नेमका पाचच घ्या : पोलिश लोक अजून 'प्येंच' म्हणतात, नाक शाबूत. रशियन 'प्यात'. सर्बियन 'पेत'. तसंच पवित्र : पोलिश 'श्व्येंती', रशियन 'स्व्यातोय', सर्बियन 'स्वेती'. बघा, सर्बियनमध्ये अनुनासिक जाऊन उरला साधा 'ए', म्हणजे उजेडाचा स्वेत आणि पावित्र्याचा स्वेत एकसारखे ऐकू येऊ लागले. बेलग्रेडला 'स्वेत' म्हणजे जग, आणि विशेषण म्हणून पवित्र. शेजारी क्रोएशियात जगाला 'स्वियेत' म्हणतात, म्हणून तिथे घोळ नाही.

हो, जग हाही स्वेतचा अर्थ आहे. जे उजेडात दिसतं ते जग. रशियन 'स्वेत'ला दोन्ही अर्थ आहेत, पोलिशने 'श्व्यात' जगाला ठेवला आणि उजेडासाठी त्यातूनच वेगळा शब्द काढला. आपल्या 'लोक' आणि 'आलोक' या जोडीकडे या नजरेने पाहा.

जुनाबाजार

आणि यातली खरी मजा सांगू? जुन्या स्लाव लिपीत 'स्वेंत'सारख्या शब्दांत येणारी अक्षरं अनुनासिक स्वरांची होती, हे पोलिशशी ताडून १८२० मध्ये दाखवून दिलं ते याच वोस्तोकोवने. ज्याने स्वेतलाना घडवली त्यानेच पुढे स्वेत आणि स्व्यातमधलं गळलेलं टिंब शोधून काढलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला होता.

शेवंती

बाप रे, मी एक नाव विचारलं होतं! वाचते आहे सगळं. पण सर्बियात हाक काय मारतील ते सांगा. जावई काहीतरी 'त्सेत्सा' म्हणत होता, आम्हाला वाटलं बाळाला शिंक आली.

उंबरठा

त्सेत्साच. सर्बियात स्वेतलानाचं ते नेहमीचं लाडाचं रूप. रशियात स्वेता, जास्त लाडाने स्वेतोच्का, स्वेतिक, रागावल्यावर किंवा मैत्रिणींत स्वेत्का. रशियन शाळेत चिडवायला 'स्वेतोफोर' तयारच असतो, म्हणजे रस्त्यावरचा सिग्नल. त्यातला 'फोर' ग्रीक, वाहून नेणारा, आपल्या 'भर', 'भार'मधला. शब्दशः श्वेतभर!

एक सावधगिरी. सर्बियात 'स्वेता' म्हणून हाक मारली तर एखादे मिशाळ काकाही वळून पाहतील, कारण स्वेतोझार, स्वेतिस्लाव या पुरुषांचंही ते घरगुती नाव आहे. बुद्धिबळातले ग्लिगोरिच स्वेतोझार होते. म्हणून आत्याबाईंची 'श्वेता' तिकडे जरा जपून.

बाकी शेजारणी : युक्रेनमध्ये स्वित्लाना, बेलारूसमध्ये स्व्यात्लाना (२०१५ च्या नोबेलवाल्या अलेक्सियेविच रशियनमध्ये लिहितात, म्हणून जगभर स्वेतलाना), बुल्गारियात नुसतं स्वेत्ला जास्त. बुल्गारियातली त्स्वेता, त्स्वेताना मात्र उजेडाची नाही, ती फुलाची, 'त्स्वेत'ची.

गवतीचहा

आणि रशियात आता हे नाव लहान मुलींचं कमी, मावश्या-आज्यांचं जास्त वाटतं. आपल्याकडच्या 'सुनंदा'सारखं. आजीचं नाव म्हणून ठेवताय ते छानच.

पाटीपेन्सिल

लेखनाचं राहिलं. रशियन उच्चार मराठीत नीट उतरत नाही, तिथे 'वे' मऊ आणि घाईत 'वि'कडे झुकलेला. सर्बियन स्वर मात्र सरळ आणि मोकळे, त्यामुळे तुमचं काम सोपं. 'स्वेतलाना' लिहा. मराठी माणूस त्यातला 'त' आपोआप अर्धाच म्हणतो, जोडाक्षराची गरज नाही. 'श' नको. तो आपल्या मूळ शब्दाचा आहे, त्यांच्या नावाचा नाही.

शेवंती

सर्वांचे आभार. पण उशीर झाला. आत्याबाईंनी आज सकाळीच बारशाच्या पत्रिका छापून आणल्या, शंभर प्रती, सोनेरी अक्षरात 'चि. श्वेतलाना'. जावयाला फोटो पाठवला. त्याला देवनागरी येत नाही, त्याने लगेच अंगठा वर केला.