चोर्ला घाट चढणाऱ्या गाडीला ०डब्ल्यू-२० पुरतं का?

टिळकवाडीकर
माझी पेट्रोल गाडी २०२१ची, बीएस-६. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ग्रेडचं सिंथेटिक इंजिन ऑइल सांगितलंय. उद्यमबागचे आमचे मेस्त्री म्हणूलालेत, हे पाण्यासारखं तेल थंड देशांसाठी, आपल्याकडं ५डब्ल्यू-४० घाला. गोव्याला आमचं सारखं जाणं असतं. जाताना उतार, पण येताना चौघं आणि सामान घेऊन चोर्ला चढायचा. मला मेस्त्रींचं पटतंय. बेळगावात डिसेंबरच्या पहाटेही पारा शून्याच्या जवळपास जात नाही, मग ०डब्ल्यू हवं कशाला?

निपाणीवाला
मेस्त्रींचं ऐका की ओ. माझी जुनी डिझेल गाडी पहिल्यापासून १५डब्ल्यू-४०वर आहे, इंजिन अजून उघडलेलं नाही. ही पातळ तेलं आली ती मायलेजसाठी. २०१७पासून कंपन्यांना सगळ्या गाड्यांच्या इंधनवापराची सरासरी सरकारी मर्यादेत बसवावी लागते. त्यांचा आकडा सुधारतो, झीज आपल्या पदरात.

शहापूरचा फिटर
दादा, पहिल्या, म्हणजे थंडीतल्या आकड्याबद्दल तुमचं खरं आहे. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला. आपल्या थंडीत दोन्ही सहज चालतात. पण त्यावरनं दुसरा आकडा २०चा ४० करा, हे कुठनं आलं? तो १०० अंशांवरचा दाटपणा आहे: २० ग्रेडला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ४०ला १२.५ ते १६.३. जवळजवळ दुप्पट! बाहेर १५ अंश असोत नाहीतर ३८, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी नव्वदीच्या आसपासच ठेवतो. बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, सगळं पातळ तेल धरूनच बेतलेलं असतं. दाट तेलानं प्रेशर वाढलेलं दिसतं, पण ते जास्त वाहतंय असा त्याचा अर्थ नाही.

निपाणीवाला
नव्वद हे पाण्याचं झालं, तेलाचं नव्हे. भरल्या गाडीनं दुसऱ्या गिअरवर घाट चढताना तेल त्याच्या कितीतरी वर तापतं. त्यासाठीच १५० अंशांची एचटीएचएस चाचणी आहे ना, तापलेलं तेल जोरात घासलं जाताना किती दाट राहतं ते बघणारी? त्यात २० ग्रेडला किमान २.६ लागतो, ५डब्ल्यू-४०ला ३.५. बेअरिंग वाचवते ती हीच पापुद्र्याएवढी फिल्म.

शहापूरचा फिटर
बघायचा आकडा तोच, मान्य. म्हणून तर पुस्तिकेतला पूर्ण तक्ता वाचा म्हणतो. काही गाड्यांना ०डब्ल्यू-२०बरोबर ५डब्ल्यू-३०ही चालतं. तसं असेल तर घाटवाल्यानं बिनधास्त ३० घालावं, त्याचा एचटीएचएस किमान २.९. तक्त्यात नसेल तर नको.

खानापूरकर
निपाणीच्या भाऊंचं १५डब्ल्यू-४० वाचून कोणी बीएस-६ डिझेलमध्ये तसलंच साधं तेल ओतू नका, ही कळकळीची विनंती. तिथं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी तो जाळून टाकतो, पण तेलातली राख जळत नाही, फिल्टरातच साठत जाते. पुस्तिकेत सी३ हा तेलाचा दर्जा लिहिला असेल तर कमी राखेचं सी३च घ्या. ग्रेड जुळली म्हणजे झालं असं नाही.
दुसरं, गाडी फक्त गावातल्या गावात, कॅम्प ते गोवावेस अशी फिरत असेल तर फिल्टर साफ व्हायचं काम अर्ध्यावर तुटतं आणि त्यासाठी सोडलेलं जादाचं डिझेल तेलात उतरतं. डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसली तर आनंद मानू नका. तेल पातळ झालंय, बदला. ५डब्ल्यू-४० घातलेलं असलं तरी मग ते ४० राहात नाही.

टिळकवाडीकर
तक्ता काढला. ५डब्ल्यू-३० आहे त्यात. तेच घालतो, मेस्त्रींना पान दाखवतो.

निपाणीवाला
माझं मत तेच. घाटाला ४०. वॉरंटी संपल्यावर अडवणारं कोण?

शहापूरचा फिटर
वॉरंटी संपली म्हणून बेअरिंगची फट वाढत नाही, भाऊ. गाडी तेल खायला लागली, दोन बदलांच्या मधे लिटरभर ओतावं लागलं, की ४०चं बोलू. तेही आधी गळती कुठं आहे ते बघूनच.