तुरीतला बारीक साप: नाग की धूळनागीण?

प्रश्न (परभणी): तुरीच्या बांधावर हातभर, तपकिरी साप. अंगावर पांढरे आडवे पट्टे, डिवचला की मान चपटी करतो. गडी नागाचं पिल्लू म्हणतायत.

उत्तर: धूळनागीण, बिनविषारी. पट्टे पिल्लांनाच, वय वाढलं की पुसट होतात, मग लोक तिला धामण समजतात. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात, हिचे कोरे, तोंड टोकदार.

उत्तर: झाडावर असेल, पाठ तांबूस आणि मान फुगवल्यावर खवल्यांमधून निळं दिसलं तर रुका नावाचा साप. हिरवा, डोळ्याची बाहुली आडवी असेल तर हरणटोळ. बाहुली उभी असेल तर मांजऱ्या असू शकतो, पण विषारी घोणस-फुरशाची बाहुलीही उभीच. हरणटोळ आणि मांजऱ्याला सौम्य विष.

उत्तर: नुसत्या रंगावर जाऊ नका, कात टाकायच्या आधी सगळेच मळके. काळा चकचकीत, जोडपट्ट्यांचा असेल तर मण्यार, लांबच राहा. डोक्याचा बाजूनं फोटो टाका, झूम करून.