मदत हवी आहे: टीबीच्या जीनोमिक्स प्रोजेक्टसाठी सरकारी ग्रँट, अर्जात 'उपयोग' नेमका कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता पुन्हा अर्ज भरायचाय आणि हातात पाच आठवडे आहेत, म्हणून विचारतेच. उपयोजित जीनोमिक्ससाठी कुणी सरकारी ग्रँट मिळवली असेल किंवा असे अर्ज तपासले असतील तर प्लीज सविस्तर सांगा.

आधी काम सांगते. टीम छोटी आहे, सर, मी आणि एक पीएचडीचा मुलगा. थुंकीच्या नमुन्यातून थेट डीएनए काढायचा, कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढण्याची, वाट न बघता टीबीच्या जंतूचे ठरावीक जीन्स तेवढे सिक्वेन्स करायचे, म्हणजे अक्षर-अक्षर वाचायचे, आणि कुठलं औषध लागू पडणार नाही ते दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना कळवायचं. टीबीचा पूर्ण जीनोम १९९८ सालीच वाचून झालाय, ४४ लाख अक्षरांचा आहे, कुठल्या म्युटेशनमुळे (जीनमधल्या बदलामुळे) कुठलं औषध निकामी होतं त्याची डब्ल्यूएचओची यादी २०२१ ला आली आणि २०२३ मध्ये सुधारूनही आली. म्हणजे पाया पक्का आहे. रिफॅम्पिसिन या औषधाचं बरं असतं, त्याची बहुतेक म्युटेशन्स आरपीओबी जीनच्या एका छोट्या पट्ट्यात सापडतात म्हणून कार्ट्रिजची मशीन दोनेक तासांत सांगते. बेडाक्विलिनचं तसं नाही, तिथे म्युटेशन्स अख्ख्या जीनभर विखुरलेली असतात, त्यामुळे दोन-चार ठिकाणं तपासून भागत नाही, सगळा जीन वाचावाच लागतो.

हे सगळं मला इतकं मनाला का लागतं तर एका पेशंटचा नमुना मी स्वतः लेबल लावून कल्चरला ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यात बाटली गढूळ झाली, मला वाटलं वाढ आली, स्लाइड करून पाहिली तर दुसरेच जंतू, म्हणजे कंटॅमिनेशन. पुन्हा नमुना मागवला, पुन्हा पहिल्यापासून. रिपोर्ट हातात आला तेव्हा त्या बाईंना अडीच महिने चुकीची गोळी चालू होती. त्या दिवसापासून हे काम करायचंच असं डोक्यात बसलंय.

तर गेल्या वर्षी अर्ज केला आणि नाकारला गेला. दोन परीक्षकांचे शेरे आले. एक म्हणतात की हे मूलभूत संशोधन आहे, उपयोग स्पष्ट नाही. दुसरे म्हणतात की तंत्र तर आधीच उपलब्ध आहे, यात नवीन काय. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि कितीतरी वेळ मला कळेना की उत्तर कुणाला द्यायचं. एकाला खूश करायला 'तंत्र तयार आहे' म्हटलं तर दुसरा म्हणणार मग पैसे कशाला?

तिसरी एक ओळ होती, नमुन्यांची संख्या अपुरी. ती मात्र शंभर टक्के बरोबर होती हे आता कळतंय. आम्ही २०० नमुने लिहिले होते, गोल आकडा म्हणून. त्यात रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे, साधारण १० टक्के धरले तर २० च होतात. २० पैकी १८ आपण बरोबर ओळखले तरी खरी सेन्सिटिव्हिटी (रेझिस्टंटपैकी किती टक्के बरोबर पकडले) ७० पासून ९७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, यावर कुठला डॉक्टर औषध बदलेल? ९० टक्के सेन्सिटिव्हिटी पाच टक्के इकडे-तिकडे एवढ्या खात्रीने सांगायची तर १३९ रेझिस्टंट नमुने लागतात, म्हणजे एकूण १४०० च्या आसपास. मग बजेट कुठल्या कुठे जातं. साठवलेले जुने रेझिस्टंट नमुने मुद्दाम निवडून संख्या भरली तर चालतं का? की त्यावर परत शेरा येतो की रोजच्या कामात असे नमुने येत नाहीत?

अजून विचारायचंय ते असं. टीआरएलच्या (तंत्र वापरासाठी कितपत तयार आहे त्या पातळीच्या) रकान्यात १ ते ९ पैकी आकडा लिहायचाय. लॅबमध्ये आमचं चालतंय म्हणजे ४ ना? पण दवाखान्यातून आलेल्या ३० नमुन्यांवरही करून पाहिलंय, मग ५ लिहिलं तर जास्तीचं होईल का? एथिक्सची परवानगी आधी काढून जोडावी की 'अर्ज केला आहे' एवढं पुरतं? आणि डेटाचं प्लॅन. थुंकीत माणसाचाही डीएनए असतो, त्यामुळे सिक्वेन्स सार्वजनिक आर्काइव्हमध्ये टाकण्याआधी माणसाचे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) गाळून टाकायला हवेत, हे आम्ही करतोच, पण अर्जात एक ओळ पुरे की पद्धत सगळी लिहायची? बजेटमध्ये गेल्या वेळी किट्स आणि मशीनच भरलं, डेटा ॲनालिसिस करणाऱ्या माणसाचा पगार धरलाच नाही, ती चूक यावेळी करणार नाही.

संपादन: खाली एका ताईंनी विचारलंय की तुमचा रिपोर्ट कोण वाचणार आणि वाचून त्याच दिवशी काय वेगळं करणार. प्रामाणिकपणे सांगते, आमच्या अख्ख्या अर्जात हे कुठेच नव्हतं. वीस पानं सिक्वेन्सिंगवर आणि डॉक्टरांवर अर्धा परिच्छेद. ताई, तुमच्यामुळे दोन्ही शेऱ्यांचा अर्थ लागला, तंत्र नवीन नाही हे सरळ मान्य करायचं आणि नमुना दवाखान्यातून निघाल्यापासून गोळी बदलेपर्यंत किती दिवस लागतात तेच मोजायचं. आज सकाळीच टीबी क्लिनिकच्या डॉक्टरांना फोन केला, ते सहभागी व्हायला तयार आहेत, पत्रही देतो म्हणाले. आता त्या पत्रात नुसता 'पाठिंबा आहे' असं नको, हे कळतंय. दर महिन्याला किती नमुने पाठवणार, रिपोर्ट कुणाच्या हातात जाणार, कल्चरचा निकाल येण्याआधी आमच्या रिपोर्टवर औषध बदलणार की नाही, एवढं लिहून घेतलं तर पुरेल का? कुणाकडे अशा पत्राचा नमुना असेल तर नावं काढून टाकून इथे देता येईल का?